आईच्या सव्वीस पगारचिठ्ठ्या

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात आजवर कुणी स्वतःहून कागदावर काही लिहिलेलं नाही. सही करायची वेळ आली तेव्हा तेवढी केली, आणि तीही दुसऱ्यानं बोट ठेवलेल्या जागी. बारावीच्या पुढं गेलेला घरातला मी पहिलाच, आणि तोही अजून वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच दिलेला. वकील नाही, साहेब नाही. तेव्हा पगारजप्ती कशी चालते हे मी सांगायला बसावं, हा आगाऊपणा आहे हे मला कळतं. दोनदा लिहून फाडलं. पण तो कागद कसा चालतो हे आम्हाला दोन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगितल्यामुळे जे झालं ते आईनं सोसलं. म्हणून मला जेवढं कळलं तेवढं लिहितो. चुकलं तर जाणत्यांनी दुरुस्त करावं.

आमची वस्ती मढच्या अलीकडं, डोंगराच्या कुशीत. भाताची खाचरं, वरच्या अंगाला थोडी नाचणी. वडील गावातल्या हायस्कूलमध्ये शिपाई होते. मी सातवीत असताना ते गेले आणि त्यांच्या जागी आई लागली. सकाळी वर्ग उघडायचे, घंटा द्यायची, पाण्याच्या टाक्या भरायच्या, हेडसरांचे कागद बँकेत न्यायचे. सातवी शिकलेली आहे. वाचते सावकाश, पण वाचते.

आमच्या वस्तीत दर महिन्याला ठरल्या तारखेला पैसे येणारं एकच माणूस होतं, ती म्हणजे आई. बाहेरच्यांना कदाचित हे कळणार नाही, पण अशा माणसाचा एक वेगळाच उपयोग असतो. पतसंस्थेत कर्ज काढायचं तर जामीन लागतो, आणि त्यातही पगारदार जामीन असला तर संस्थेचा माणूस खुर्ची पुढं करतो. जमीनवाल्याची सातबाऱ्यावर भावकी असते, दुकानवाल्याचा धंदा बसू शकतो. पगार मात्र कुठं जात नाही. म्हणून वस्तीत कुणालाही काही घ्यायचं झालं की तो आधी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. आई बहुतेकांना नाही म्हणायची. एकाला मात्र तिला नाही म्हणता आलं नाही.

त्यांना मी मामा म्हणतो. सख्खे नव्हेत, पण वडील गेले त्या दिवशी तिरडीपासून तेराव्याच्या जेवणापर्यंत सगळं त्यांनी केलं आणि एक पैसा घेतला नाही. शेजारच्या वस्तीवर त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. लाकडी खांब, कापड, शंभरभर खुर्च्या आणि गावजेवणाच्या मोठ्या कढया. त्यांना लोखंडी पाइपांचा नवा मंडप आणि जनरेटर घ्यायचा होता. कर्ज आंबेगाव तालुक्यातल्या कळंबच्या बाजूच्या एका पतसंस्थेनं दिलं. तिथं ओळख निघाली होती, म्हणून इतक्या लांबून. आईनं सही केली. बोट ठेवलेल्या जागी.

मामांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. मंडप आणला, दोन सीझन लई जोरात गेले. मग लग्नं रस्त्याला गेली. ओझरच्या रस्त्याला, नारायणगावच्या आसपास लॉन्स झाले, कार्यालयं झाली. तिथं मंडप, जेवण, पार्किंग सगळं एका ठिकाणी. दारात मांडव घालून लग्न करणारा आता वस्तीवरचा सुद्धा उरला नाही. मामांकडं राहिले ते दहावे, तेरावे आणि सत्यनारायण. हप्ते तुंबले.

मग एक दिवस पोस्टमन आईच्या नावाचं रजिस्टर पत्र घेऊन शाळेत आला. नेमके मामा तिथं होते. पाकिटावर संस्थेचा शिक्का बघून त्यांनी आईच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"आक्का, घेऊच नको. घेतलं न्हाई तर लागू व्हत न्हाई."

ही समजूत आमच्याकडं सगळ्यांचीच. नोटीस म्हणजे अंगाला लागणारी वस्तू. दारातून परत पाठवली की लागत नाही. पोस्टमननं पाकिटावर 'घेण्यास नकार' असं लिहिलं आणि तो गेला. दुसरं रजिस्टर आलं, तेही परत. त्या दिवशी आई घरी येऊन मला म्हणाली होती, "सुटलो बाबा." मी तेव्हा अकरावीत होतो. मलाही वाटलं, सुटलो.

पुढं जे झालं ते मला नंतर कळलं. नकार दिलेली नोटीस मिळाली असंच धरतात. सहकार खात्याच्या कार्यालयात सुनावणी झाली, तिथं ना मामा गेले ना आई. संस्थेला वसुलीचा दाखला मिळाला. आता वसुली अधिकाऱ्याला आईकडं यायची गरजच नव्हती. त्यानं पत्र थेट शाळेला पाठवलं. शाळा काही पाकीट परत पाठवत नाही.

शाळेचे क्लार्क, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, त्यांनी आईला बोलावलं. त्या दिवशी मी आईबरोबर होतो.

"मावशी, हा आदेश आलाय. या महिन्यापासून तुमच्या पगारातून आठ हजार कापायचे."

"पण कर्ज मी न्हाई काढलं."

"सही तुमची हाय ना? मग त्यांच्या लेखी तुमी आन तो एकच."

"आन तुमी न्हाई कापलं तर?"

भाऊसाहेब हसले, पण ओशाळे. "तर ते माझ्या पगारातनं कापतील. तसंच लिवलंय खाली. मलाबी दोन पोरी हायेत, मावशी."

आईनं एकच गोष्ट मागितली. दर महिन्याला किती आले, किती कापले, याची चिठ्ठी. भाऊसाहेब म्हणाले, "शिपायाला कशाला पगारचिठ्ठी? बँकेत दिसतं की." आई म्हणाली, "बँकेत आलेलं दिसतं. गेलेलं कुठं दिसतं?" तेव्हापासून ते दर महिन्याला एक चिठ्ठी काढून द्यायला लागले. आईनं शाळेच्या स्टोअरमध्ये बिलं लावतात तशी एक तार वाकवून घेतली आणि ती चुलीमागच्या खुंटीला अडकवली. दर महिन्याची चिठ्ठी तारेत ओवायची. का, ते तिलाही माहीत नव्हतं. शाळेत असंच करतात, एवढंच.

पंचवीस हजारांच्या आसपासच्या पगारातले सतरा हातात यायला लागले. सतरा हजारांत घर चालत नाही असं नाही. आमच्या वस्तीत कितीतरी घरं त्याहून कमीत चालतात. पण त्यात माझी जुन्नरची खोली, मेस आणि फी बसत नव्हती. मी बारावी होऊन कॉलेजला आलो तेव्हाच एका झेरॉक्सच्या दुकानात दुपारचं काम धरलं. तरी दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा माझ्या मनात ठरलं होतं की तिसऱ्या वर्षाला नाव घालायचं नाही, चाकणला कंपनीत लागायचं. आईला सांगितलं नव्हतं. जुलैपर्यंत थांबायचं, फी भरायची तारीख आली की सांगायचं, असा विचार होता.

दुकान कोर्टाजवळ आहे. मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "झेरॉक्सवाल्यानं कागद वाचायचा नसतो. कागद सरळ ठेवायचा आणि झाकण लावायचं." मी जवळजवळ दोन वर्षं हा नियम पाळला. मे महिन्यात एक दिवस एक वयस्क वकील एक अर्ज घेऊन आले. चार कॉप्या. काचेवर ठेवताना वरच्याच ओळीत 'पगार जप्तीतून मुक्त करणेबाबत' असं दिसलं आणि माझा हात झाकणावरच राहिला. मी वाचायला लागलो.

"काय रे, मशीन गरम झालं का?"

मी दचकून झाकण लावलं. म्हणालो, "सॉरी सर. वाचत होतो."

"ते दिसलं मला. कुठपर्यंत वाचलंस?"

"चोवीस महिने, इथपर्यंत."

"मग अर्धवट का सोडलंस? वाचलंस म्हणून रागावणार नव्हतो. आता अर्धवट वाचलंस म्हणून रागावतो. बोल, घरात कुणाचा पगार जप्त झालाय?"

मी सांगितलं. गिऱ्हाईक उभं होतं, मालक बघत होते, तरी सांगितलं. माझ्याकडून इतकं बोलणं कधी होत नाही. वकिलांनी दुकानातलाच एक वाया गेलेला कागद उलटा केला आणि त्यावर हिशोब मांडला. पगारातले पहिले हजार रुपये बाजूला काढायचे. त्यांना हात लावता येत नाही. उरलेल्याचे तीन भाग करायचे. त्यातले दोन भागही पगारदाराचेच. जप्तीला मिळतो तो फक्त तिसरा भाग. पंचवीस हजारांतले हजार गेले, राहिले चोवीस, त्याचा तिसरा भाग आठ.

"बरोबर कापतायत," मी म्हणालो. मला उगीच वाईट वाटलं. काहीतरी चूक निघावी अशी इच्छा होती.

"बरोबरच कापतायत. पोटगीचं प्रकरण असतं तर जास्तही कापले असते. पण किती महिने कापतायत?"

"बारावीची परीक्षा झाली तेव्हापासून."

"ते तुझं पंचांग झालं. मला महिने सांग. एकाच वसुलीपायी पगार एकूण चोवीस महिने जप्त झाला की त्यापुढं त्याच वसुलीपायी तो जप्त करता येत नाही. मध्ये एखादा महिना सुटला असेल तरी चालतं, बेरीज चोवीस झाली पाहिजे. देणं संपत नाही, नीट ऐक, देणं राहतं. पगार तेवढा मोकळा होतो. पण तो आपोआप होत नाही. अर्ज करावा लागतो. तुमचा क्लार्क कापतच राहील, कारण त्याला थांब म्हणून कुणी कळवलेलं नाही."

"तुमची फी, सर?"

"आधी महिने मोजून आण. फीच्या जागी या कॉप्या पुसट आल्यात त्या परत काढून दे."

शनिवारी मढच्या गाडीनं घरी गेलो. आई अंगणात तांदूळ पाखडत होती. मी आल्या आल्या खुंटीवरची तार काढली आणि चिठ्ठ्या एकेक करून ओट्यावर मांडल्या. धुरानं सगळ्या तांबूस झाल्या होत्या. मधली एक उंदरानं खाल्लेली, पण आकडा शाबूत होता. सव्वीस. पुन्हा मोजल्या. सव्वीसच.

आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती खूश होईल. तिनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "म्हंजी आपलं देणं फिटलं?"

"नाही. लाखाच्या वर राहिलंय अजून."

"मग पगार कसा सुटंल?"

"कायदाच तसा आहे."

"कायदा आसंल. पण मग ते कुनाकडं जातील? भावाकडंच ना? त्याचा मंडप उचलतील, कढया उचलतील. वस्तीत कुनी गेलं तर तेराव्याचं जेवान कुनाच्या कढईत शिजंल मंग?"

मी म्हणालो, "आई, दोन वर्षं तू त्यांचं कर्ज फेडतेयस. त्यांनी तुला काय दिलं?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला मान खाली घालावी लागली. मग तिनं बोटांवर मोजून सांगितलं. पहिल्या वर्षी आवणीला, म्हणजे भातलावणीला, मामा, मामी आणि त्यांचे दोघे पोरगे आमच्या खाचरात दोन दिवस आले. दुसऱ्या वर्षी तीन दिवस. आमच्याकडं आवणी सावडीनं होते. आज तुम्ही आमच्यात, उद्या आम्ही तुमच्यात. मजुरी नसते, दिवसाला दिवस फेडायचा असतो. मामांनी दोन्ही वर्षं आमच्यात दिवस घातले आणि आईला आपल्या खाचरात पाय ठेवू दिला नव्हता. तिनं विचारलं तर म्हणाले होते, "तू फेडतीयास तेवढं बास हाय, आक्का."

"चार मानसांचं पाच दिस, वीस रोज झालं," आई म्हणाली. "त्यो त्याच्या परीनं फेडतोय. आता पगार सुटला तर ते वीस रोज माझ्या अंगावर आलं का न्हाई?"

हा हिशोब वकिलांच्या कागदावर नव्हता. शेवटी जे खरं होतं तेच सांगितलं. चाकणचं. म्हणालो, जुलैत पगार पूर्ण आला नाही तर मी तिसऱ्या वर्षाला नाव घालणार नाही, माझं ठरलंय.

आईनं सूप पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाली, "तुझं ठरलंय व्हय? मंग माझंबी ठरलं. अर्ज कर. पन आधी त्याच्या दारात जायाचं. आपल्या तोंडानं सांगायचं. त्याला रजिस्टरनं कळायला नको."

मामा शेडमध्ये कढई घासत होते. बाजूला लोखंडी पाइप नीट रचलेले, त्यावर कोंबड्या.

"या पावणं! लगीन ठरलं का? खुर्च्या किती टाकू?"

मी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. आधी पाठ करून गेलो होतो, तरी मधलं विसरलो. मामांनी घासणं थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "म्हंजी आता ह्या कढया जानार म्हन की."

"तसं नाही मामा. ते यायच्या आधी तुम्ही स्वतः गेलात, हप्ते बांधून द्या म्हणालात, तर..."

"कालेजात ह्येच शिकिवत्यात व्हय रं? मामाच्या दारात जाऊन मामालाच नोटीस द्यायची?"

माझे कान तापले. एरवी मी गप्प बसलो असतो. पण तोंडातून निघून गेलं, "नोटीस द्यायची असती तर पोस्टानं दिली असती."

मामांचा हात थांबला. मग ते इतके मोठ्यानं हसले की पाइपांवरच्या कोंबड्या उडाल्या. "आन म्या ती घेतलीबी नसती!"

हसणं ओसरलं तरी आईला हसू आलं नव्हतं. ती म्हणाली, "भाऊ, मी सही केलीय, ती पुसत न्हाई. पन पोराचं शिक्षान कापून मला तुजं देनं देता यायचं न्हाई. आता तू उभा ऱ्हा."

मामी आतून बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार. नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "त्यो जनरेटर दोन वर्सं कुनी चालू केलाय का? धूळ खातोय निस्ता. इका म्हनून सांगून सांगून जीभ झिजली माझी. आक्काच्या पगारावर दोन उन्हाळं काढलं आपन."

मामा पुन्हा कढई घासायला लागले. आम्ही निघताना म्हणाले, "कळंबला कवा जायाचं ते सांग. मी येतो."

अर्ज वकिलांनी सांगितला आणि मी लिहिला. तीन वेळा लिहिला. पहिल्या मसुद्यात मी 'कृपया' पाच ठिकाणी घातलं होतं. वकिलांनी चार खोडले. म्हणाले, "एकदा पुरे. भीक नाही मागत आपण." सोबत भाऊसाहेबांचा कपातीचा दाखला लागणार होता, म्हणजे कोणत्या महिन्यापासून किती कापले याचा शाळेच्या शिक्क्याचा कागद. भाऊसाहेब आधी कुरकुरले. हेडसरांना विचारावं लागेल, रजिस्टर काढावं लागेल, मे महिन्याची सुट्टी आहे. आईनं टेबलावर तार ठेवली, चिठ्ठ्यांसकट.

"रजिस्टर काढायची गरज न्हाई, भाऊसाहेब. तुमचंच अक्षार हाय. उतरवून घ्या."

त्यांनी चिठ्ठ्या चाळल्या. धुरकट झालेल्या आपल्याच सह्या बघून त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक. म्हणाले, "मावशी, तुमाला चिठ्ठी कशाला लागती म्हनून मी हसलो व्हतो." आणि दाखला त्याच दिवशी मिळाला.

कळंबला जायला आम्हाला तीन गाड्या बदलाव्या लागल्या. मढहून जुन्नर, जुन्नरहून नारायणगाव, तिथून पुढं. मामांनी लग्नाला घालतात तो शर्ट घातला होता. वसुली अधिकारी माझ्या कल्पनेपेक्षा तरुण निघाले. त्यांनी अर्ज वाचला, दाखला वाचला, आत जाऊन फाईल आणली आणि महिने स्वतः मोजले. मग आईला म्हणाले, "बाई, हे मान्य करावं लागेल. पण कर्ज मिटलेलं नाही, हे लक्षात आहे ना? तुम्ही जामीनदार आहातच."

आई उभी राहिली. बसून बोलायची तिला ऑफिसात सवय नाही.

"देनं मिटलं न्हाई, ते म्हाईत हाय मला. पगार मोकळा करा. देनाऱ्याला मी बरुबर आनलंय."

मामा पुढं झाले. खिशातून जनरेटर विकून आलेले पैसे काढले आणि टेबलावर ठेवले. म्हणाले, "हे आज घ्या. बाकीचं हप्त्यानं. लग्नसराईत जास्त, पावसाळ्यात कमी, असं लिवून घ्या. उगी दर महिन्याला सारखं लिवू नका, माझ्याच्यानं व्हनार न्हाई आन तुमी परत आक्काकडं जाल." अधिकाऱ्यांनी खरंच तसंच लिहून घेतलं. चोवीसनंतर जादा कापलेल्या दोन महिन्यांचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, परत मागायचे तर वेगळा अर्ज करा. आईनं माझा हात दाबला. ते कर्जातच राहू दे, म्हणाली. मला ते पटलं नव्हतं. अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

शाळेला पत्र पाठवतो, असं त्यांनी सांगितलं.

आईच्या बँकखात्याला माझा मोबाइल नंबर जोडलेला आहे, कारण तिच्याकडं साधा फोन आणि आमच्या वस्तीवर रेंजही जेमतेम. पगाराचा मेसेज दर महिन्याला माझ्याकडं येतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. सतरा हजार आणि वर काही. म्हणजे सत्ताविसावी कपात झाली होती. मी भाऊसाहेबांना फोन केला. पत्र आलेलं नाही, म्हणाले. आल्याशिवाय मी थांबवू शकत नाही. मी कळंबला फोन केला. पाठवलंय, म्हणाले. दोन्हीकडचे लोक नीट बोलत होते आणि मध्ये कुठंतरी कागद पडून होता. वकील म्हणाले, "कापायचं पत्र घोड्यावरून येतं, थांबवायचं पायी. जाऊन हातात घेऊन ये." मी दुकानातून सुट्टी घेऊन कळंबला गेलो, पत्राची पोच असलेली प्रत घेतली, दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं शाळेत नेऊन भाऊसाहेबांच्या हातात दिली आणि त्यांची सही घेतली. तारीख टाकून.

मग जुलै लागला. तिसऱ्या वर्षाची फी भरायची मुदत जवळ आली. मी चाकणला एका मित्राला कामासाठी सांगून ठेवलं होतं, ते अजून रद्द केलं नव्हतं. पहिली तारीख गेली, दुसरी गेली. शाळांची पगारबिलं अडकलीत, असं कुणीतरी म्हणालं.

तीन तारखेला सकाळी आईचा फोन आला. मामांच्या फोनवरून. मागे पाण्याचा आणि माणसांचा आवाज.

"कुठं आहेस?"

"मामाच्या खाचरात. आवणी चालू हाय. शाळंत रजा टाकून कालपास्नं येतीय. वीसातलं दोन रोज गेलं. रईवारी तू ये, तुझाबी एक धरते."

"अगं, पण पगाराचं अजून काही कळलं नाही. सुटलाय का नाही, हेच माहीत नाही."

"पगार त्यांच्या हातात हाय. रोज माझ्या हातात हायेत." आणि मागून मामांचा आवाज: "पावण्याला म्हनावं, चप्पल घालून येऊ नको, चिखलात शोधत बसशील!"

त्या दिवशी दुपारी दुकानात गर्दी होती. दाखल्यांचे दिवस. वकील त्यांचे कागद घेऊन रांगेत उभे होते. मी त्यांचा पहिला कागद काचेवर ठेवला, झाकण लावलं, बटण दाबलं आणि खिशातला फोन थरथरला. बघू नये असं वाटलं. बघितला. बँकेचाच होता. आईच्या खात्याचे शेवटचे चार आकडे आधी ताडून बघितले, मग रक्कम वाचली. मशीन चालूच होतं. एकाच्या जागी किती कॉप्या निघाल्या ते मला कळलं नाही.

"काय रे," वकील म्हणाले, "कागद अडकला का?"

"नाही सर," मी म्हणालो. "आईचा पगार आला. पंचवीस हजार एकशे चाळीस. सगळा."